पाचाचा भाव नसलेलं दुकान

लेखूभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, एक हात हवेत धरून बसले होते आणि नऊ माणसं गप्प बसून त्यांच्याकडे बघत होती. त्या नऊ माणसांत माझी मुलगी होती. मी अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरलो होतो आणि माझ्या मनात त्या वेळी जे विचार होते ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

ते विचार का आले हे कळायला आधी माझी ओळख करून द्यायला हवी. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गेटवर मी सत्तावीस वर्षं सिक्युरिटीत काढली. शिफ्ट सुटली की कामगारांचे डबे उघडून बघायचे, हे माझं काम. चपात्यांच्या खाली पितळेचे तुकडे घालून नेणारे मी पकडलेत. थर्मासच्या बुडात तांब्याची तार सापडली आहे. असं काम केलं की माणूस देवळात गेला तरी पुजाऱ्याच्या पिशवीकडे बघतो. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्हाला लग्नाला न्यायची सोय नाही, नवरीची ओटीसुद्धा तपासाल."

पल्लवी आमची एकुलती एक. बोलायला लागली तेव्हापासून तोतरी. सगळ्यात जास्त अडकायची ती 'प'वर, आणि नाव ठेवून बसलो होतो पल्लवी. वेखंड उगाळून चाटवलं, बदलापूर गावातल्या एका बाबाचा ताईत बांधला, मोठ्यानं वाचायला लावलं, दटावलंसुद्धा. शेवटी मी माझ्यापुरता एक उपाय काढला. कोणी तिला काही विचारलं की तिच्या आधी मीच सांगायचो. "पल्लवी. दहावीला आहे. हो, डोंबिवलीलाच मावशी." पोरीला त्रास नको, एवढंच मनात. तिला कोणी विचारलं नव्हतं की बाबा बोललेलं तुला चालतं का. मीसुद्धा नाही.

ती फार्मसीच्या डिप्लोमाला असताना एका दुपारी माझ्या मोबाइलवर एका मुलीचा फोन आला. "मीनूचे बाबा ना? मीनू ओरलला का नाही आली? सरांनी दोनदा नाव पुकारलं." मी म्हटलं, राँग नंबर. ती म्हणाली, "अहो काका, बुवापाड्याची मीनू. हा नंबर तिनंच दिलाय." बुवापाड्यात आम्हीच राहतो. आणि ओरलच्या दिवशी पल्लवी संध्याकाळी घरी येऊन, ओरल चांगली झाली असं सांगून भात-आमटी जेवली होती.

झालं. माझ्या घरात एक मुलगी दोन नावांनी राहत होती. एका नावानं कॉलेजात, एका नावानं घरी. माझ्यासारख्या माणसाला एवढं कळल्यावर तो काय करणार? विचारायचं सोडून मी तिच्यावर पाळत ठेवली. दर रविवारी सकाळी ती सात वाजता लायब्ररीत म्हणून निघायची. तिच्या मागच्या शेअर रिक्षात मी बसलो. उल्हासनगरला फर्निचरच्या बाजारात ती उतरली आणि एका दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरखालून आत गेली. मी पाच मिनिटं समोरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. आणखी आठ जण तसेच वाकून आत गेले. त्यांच्या मागून मी.

आत सोफे होते, प्लास्टिक न काढलेले. त्यावर ही माणसं बसलेली. आणि मधल्या आरामखुर्चीत सत्तरीचा एक सिंधी म्हातारा, पांढरा लेंगा, वर सदरा, तोंड उघडं. तो एका शब्दावर अडकला होता. मला वाटलं याला झटका आलाय, कोणी उठत का नाही? मग बऱ्याच वेळानं शब्द आला. "प... पापड. काल पापड भाजताना हात भाजला." आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी चक्रावून गेलो. एका पापडासाठी एवढं?

पल्लवीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हाताऱ्यानं विचारलं, "बेटी, हे कोण?" तिनं तोंड उघडलं, "म... मा..." मी लगेच म्हणालो, "मी तिचा बाप."

म्हातारा हसला नाही, रागावला नाही. कोपऱ्यातल्या मोरीकडे बोट करून म्हणाला, "या साईं. चहा घ्या. मग कप तुम्ही धुवायचे. दुसऱ्याचा शब्द तोडला की कप धुवायचे, इथला नियम आहे."

अशी आमची ओळख. साईं म्हणजे सिंधीत साहेब, ते मला कायम तेच म्हणायचे. त्या दिवशी मी अकरा कप धुतले आणि घरी येऊन सुनंदाला सांगितलं की हा माणूस भामटा आहे, पोरीला तिकडे पाठवायचं नाही. मीनू नावाचा उलगडा त्याच दिवशी झाला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी कोणीतरी नाव विचारलं, पल्लवी म्हणता येईना, म्हणून तिनं सांगितलं, घरी मला मीनू म्हणतात. आणि ओरलला आधी स्वतःचं नाव आणि नंबर सांगायचा असतो, म्हणून ती बाहेरच्या बाकावरून उठून आली होती. ओरल सहा महिन्यांनी पुन्हा होती. तेव्हाही नाव सांगता आलं नाही तर डिप्लोमा अडणार होता. हे सांगताना ती रडली नाही, पण सुनंदा रडली. मी म्हटलं, "मी येतो ना सरांना भेटायला, मी सांगतो तुझं नाव." त्यावर पल्लवी उठून आत गेली.

तिला थांबवता येईना म्हणून मी बरोबर जाऊ लागलो. खरं सांगायचं तर नजर ठेवायला. लेखूभाई पैसे घेत नव्हते, हीच मला पहिली शंका. फुकट कोण काय करतं? मुलींवर डोळा असेल, धर्माबिर्माचं काही असेल, नाहीतर शेवटी सोफे गळ्यात मारतील. मी खिशात छोटी वही ठेवायचो आणि नोंदी करायचो, कोण कधी आलं, काय बोललं, गेटवर करायचो तशा.

त्यांची शिकवण म्हणाल तर काही नव्हती. ना व्यायाम, ना औषध. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढंच. पण ऐकायचं म्हणजे कसं? अडकलेल्या माणसाकडे बघताना आपण नकळत चुळबुळतो, आणि चुळबुळलं की सोफ्यावरचं प्लास्टिक चरचरतं. लगेच लेखूभाई विचारायचे, "कोणाचं प्लास्टिक बोललं?" बहुतेक वेळा माझंच असायचं. "साईं, तिचा शब्द येतोय. तुम्ही घाई केली की तो परत आत जातो." एकदा मी चिडून म्हटलं, मदत करावीशी वाटते माणसाला. तेव्हा म्हणाले, "तुम्ही लोकांचे डबे उघडता, ठीक आहे, ड्यूटी आहे. पण आपला डबा आपण उघडून जेवायचा असतो ना? तिला तिचा उघडू द्या."

तिथं उल्हासनगरच्या कापड दुकानातला एक सेल्समन यायचा, बदलापूरची एक शिक्षिका यायची, रिक्षावाला यायचा. सगळे सांगायचे की इथं येऊन बरं वाटतं. मला काही बरं वाटत नव्हतं. आणि चौथ्या रविवारी मला जे दिसलं त्यानं माझी खात्री पटली.

बैठक दहाला संपायची, कारण दहाला दुकान उघडायचं. त्या दिवशी माझी छत्री राहिली म्हणून मी परत फिरलो. शटर पूर्ण वर गेलं होतं. लेखूभाई एका नवरा-बायकोला डबल बेड दाखवत होते, आणि जीभ अशी चालली होती की बस. "आओ जी, बैठ के देखो, बिटिया की शादी है ना, देखो बोर्ड कितना मोटा, चमक देखो, दस साल कुछ नहीं होगा, अंदर सामान रखने की जगह अलग." एकदाही अडखळले नाहीत. अर्ध्या तासापूर्वी एकेका शब्दाला ज्या माणसाला मिनिट लागत होतं तो हाच. मी वहीत वेळ लिहिली.

तरी मी एकटा चुकू शकतो. बुधवारी मेहुण्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. तो रात्री फोनवर म्हणाला, "भाऊजी, तो तोतरा? अहो, त्यानं मला पंधरा मिनिटांत डायनिंग टेबल घ्यायला लावलं असतं. मी कसाबसा सुटलो."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. वही उघडली. म्हटलं, "हा माणूस नाटक करतो. तुमच्यासमोर तोतरा, गिऱ्हाईकासमोर वाघ. याला काही होत नाही. तुम्ही सगळे खरे, हा एकटा खोटा. कशासाठी करतो ते विचारा त्याला." पल्लवी जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, आता ती माझे आभार मानेल.

लेखूभाई म्हणाले, "नाटक करतो, बरोबर. पण इथं नाही साईं. शटर वर गेल्यावर करतो." आणि मला म्हणाले, "तुम्ही तपासणारे आहात. माझं दुकान तपासा. प्रत्येक चिठ्ठी वाचा. एक भाव असा दाखवा ज्यात पाच आहे."

मी वाचल्या. जिद्दीनं वाचल्या, सोफ्याच्या मागच्यासुद्धा. चार हजार आठशे. चौदा हजार. सोळा हजार दोनशे. चोवीस. चौतीस. एकोणपन्नासचासुद्धा नाही, तिथं अठ्ठेचाळीस. पाच नाही, पंधरा नाही, पंचवीस नाही, पन्नास नाही. एवढ्या मोठ्या दुकानात एकाही वस्तूला पाचाचा भाव नव्हता.

"प माझ्या तोंडातून येत नाही," लेखूभाई म्हणाले. ते आणि पल्लवी जिथं जिथं अडकायचे ते सगळं मी इथं लिहिलेलं नाही. "पलंगाला बेड म्हणतो. प्लायवूडला बोर्ड. पॉलिशला चमक. जिथं प येणार तिथं आधीच रस्ता बदलतो. चाळीस वर्षं तीच शंभर वाक्यं बोलतोय, घासून गुळगुळीत झालीत. तुम्ही गेटवर बाहेर जाणारा माल तपासता, मी जिभेवर प्रत्येक शब्द तपासतो. थकतो साईं. इथं रविवारी दोन तास तपासत नाही, एवढंच."

बोलू की नको असं त्यांना वाटत होतं, हे दिसत होतं. "मुलगा झाला तेव्हा मला माझ्या वडिलांचं नाव ठेवायचं होतं. त्यांनी फाळणीनंतर इथं निर्वासितांच्या छावणीत खोकी तोडून पहिली खुर्ची बनवली, तिच्यावर हे दुकान उभं आहे. त्यांचं नाव प... प... प..." मी वहीत बोट घालून उभा होतो. कोणाचंही प्लास्टिक वाजलं नाही. "परसराम. मी विचार केला, हे नाव मला रोज हाक मारायला लागेल. शाळेत, दवाखान्यात, शेजाऱ्यांत. म्हणून अजय ठेवलं. माझ्या मुलाचं नाव मी नाही ठेवलं, माझ्या भीतीनं ठेवलं. त्याला अजून माहीत नाही. त्याला वाटतं, बाप बाजारातला सगळ्यात गोड बोलणारा माणूस आहे."

मी माफी वगैरे मागायला तोंड उघडलं तर पल्लवी म्हणाली, "बाबा, कप." मी मोरीकडे गेलो. त्या दिवशी मी कप खूप वेळ धूत होतो. घरी जाताना रिक्षात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढचा आठवडाभरही नाही. मी शब्द नाही, एक आख्खा माणूस तोडला होता, आणि तोही तिच्या माणसांसमोर.

पण लेखूभाईंनी ते मनात धरलं नाही. पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चांगलं झालं साईं. तुम्ही नसतं विचारलं तर मी कधी सांगितलं नसतं." आणि पल्लवीला म्हणाले, "आपण एक करू. ज्या दिवशी तू तिथं नाव सांगशील त्या दिवशी मी इथं भाव सांगीन. पाच हजार. गिऱ्हाईकाला, तोंडानं." तिनं हात पुढं केला, त्यांनी टाळी दिली. मला आतून वाटत होतं, दोघंही तोंडघशी पडतील. शंका माझी कातडी आहे, ती एका रविवारात निघत नाही.

ओरलच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. लेखूभाईंनी बजावलं होतं, गेटच्या आत जायचं नाही. गेटच्या बाहेर उभं राहायची मला सवयच आहे. पण तो तास मला जड गेला. आत सर विचारत असतील, ती अडकली असेल, कोणी हसलं असेल, ती उठून येत असेल. ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "न... नाव सांगितलं. सरांनी म... मध्येच पाणी पुढं केलं. मी हातानं थांबा म्हटलं. आणि सांगितलं." मी विचारलं, किती वेळ लागला? म्हणाली, "लागला तेवढा." बाकीचे प्रश्न तिला येत होते. ती पास झाली.

तिनं तिथूनच लेखूभाईंना फोन लावला. फोन तिला सगळ्यात अवघड, तरी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पलीकडून ते म्हणाले की त्यांनी सकाळीच एका साध्या लाकडी खुर्चीला चिठ्ठी लावली होती, पाच हजार. एका बाईंनी भाव विचारला. लेखूभाई 'पा'वर असे अडकले की बाईंनी शेजारच्या दुकानातून पाणी आणि माणूस दोन्ही बोलावून आणलं. भाव ऐकायला मात्र त्या थांबल्या. खुर्ची घेतली नाही. लेखूभाई हे सांगताना एवढे हसले की माझ्या कानापर्यंत आलं. शेवटी म्हणाले, "आता अजयला सांगायचं राहिलं. तो पुण्याहून आला की सांगतो."

दिवाळीला अजय आला, तेव्हा दुकानात गर्दी होती. मग म्हणाले, संक्रांतीला. संक्रांतीच्या आधीच त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. बातमी आम्हाला रिक्षावाल्यानं दिली. मी गेटवर उभ्या उभ्या रडलो. तपासायचे डबे समोर तसेच होते, आणि एक कामगार म्हणाला, साहेब, जाऊ का?

दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे सवयीनं गेलो. शटर अर्धं होतं. आत एक चाळिशीचा माणूस सोफे मोजत होता. आम्ही एकामागून एक वाकून आत आलो तसा तो मागं सरकला. "आप लोग? दुकान बंद है." मी पुढं होऊन सांगितलं की तुमचे वडील इथं अडखळणाऱ्या लोकांना बसवायचे, ते स्वतःही अडखळायचे. त्यानं माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती, सत्तावीस वर्षं मीच तशी वापरली आहे. "मेरे पापा? अंकल, पूरे मार्केट में उनके जैसा बोलनेवाला नहीं था. आपको किसी ने गलत बताया है. सीधा बोलिए, क्या काम है?"

मी काही बोलणार तोच पल्लवी माझ्या पुढं आली. तो म्हणाला, "और आप कौन?" तिनं तोंड उघडलं. "प... प..." तो म्हणाला, "पूजा? प्रिया?" मी म्हणालो, "थांबा. ती सांगेल." हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. तो थांबला. तिनं सांगितलं, "पल्लवी." मग म्हणाली, "चिठ्ठ्या बघा. पाचाचा भाव कुठं आहे बघा."

तो बघत गेला, मी बघितल्या होत्या तशाच, आधी घाईनं आणि मग हळूहळू. सोफे, कपाटं, बेड. शेवटी कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीपाशी थांबला. तिच्या चिठ्ठीवर त्याच्या बापाच्या हातचं होतं, पाच हजार. "एकच," तो म्हणाला.

पल्लवी म्हणाली, "त्यांना तुमचं नाव प... प... प..." ती अडकली ती अडकलीच. तिचा जबडा थरथरत होता, गळ्याची शीर वर आली होती. मला तो शब्द माहीत होता. आम्हा सगळ्यांना माहीत होता. आम्ही नऊ जण प्लास्टिकवर बसलो होतो आणि एकाचंही प्लास्टिक वाजलं नाही.

"परसराम," ती म्हणाली. "ते ठेवायचं होतं. त्यांना म्हणता येत नव्हतं."

अजय त्या खुर्चीवर बसला. त्यानं विचारलं, "फिर अजय क्यों?" पल्लवी म्हणाली, "ते सोपं होतं."

चहा मी घरून आणला होता. पिऊन झाल्यावर मी त्याला म्हटलं, "तुम्ही पूजा म्हणालात, प्रिया म्हणालात. शब्द तोडला की कप धुवावे लागतात, तुमच्या वडिलांचा नियम आहे." तो उठला. मीही त्याच्या बाजूला मोरीवर उभा राहिलो, तो धूत होता आणि मी पुसत होतो. नळाखाली कप धरून तो आजोबांचं नाव स्वतःशी म्हणत होता. त्याला कुठंच अडत नव्हतं, तरी एका वेळी एकच अक्षर म्हणत होता.